उजवीकडचा वरचा कोपरा

पुष्पाबाई गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी घरात फोटोची शोधाशोध सुरू झाली. दुपारपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं की ज्या घरात दहा वर्षं कॅमेरा नांदला आणि चार-साडेचार हजार फोटो निघाले, त्या घरात घरच्या बाईचा धड एक फोटो नाही.

म्हणजे तसे फोटो होते. आधार कार्डावरचा होता. तो पाहून त्यांची लेक किरण रडायची थांबली आणि चिडली. "ही आई आहे? ही तर पकडून आणलेली वाटते." लग्नातला होता. त्यात मुंडावळ्या बांधलेली एकोणीस वर्षांची मुलगी खाली बघत होती. तिला हार घालून शेजारी नवरा म्हणून अडुसष्ट वर्षांच्या योगराज सरांनी बसायचं, तर आल्यागेल्याने नेमकं कशाचं सांत्वन करायचं हा प्रश्न पडला असता. किरणच्या मोबाइलात व्हिडिओ कॉलच्या वेळचे चार-पाच होते. त्यांत पंखा पूर्ण आणि पुष्पाबाई कपाळापुरत्या. शेवटची दोन वर्षं आजारपणाची. त्या काळात कोणी मोबाइल वर केला की त्या पदर तोंडावर ओढायच्या. "केस येऊ द्या परत, मग काढा." केस आले नाहीत.

गंधमुक्तीला, म्हणजे बाराव्याच्या विधीला, आठ दिवस होते. पत्रिकेवर फोटो लागतो, दारातल्या बॅनरवर लागतो, आणि पाटावर ठेवून हार घालायला तर लागतोच. खानदेशात माणूस बिनइस्टेटीचा गेलेला चालतो, बिनफोटोचा चालत नाही.

"नाना, तुमच्या कॅमेऱ्यातले बघा की," किरण म्हणाली. ती भुसावळला दिलेली. आईच्या शेवटच्या महिन्यात इथंच येऊन राहिली होती. "दर आखाजीला सगळ्यांचा काढायचे तुम्ही. एखाद्यात तरी आई धड आली असेल."

"असणारच," सर म्हणाले. त्यांना तशी खात्री होती.

योगराज सरांनी धुळ्याच्या देवपुरातल्या एका हायस्कुलात तेहतीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर तो घरात शिकवायला घेतला. वर्गात त्यांचा एकच दंडक असे: नकाशाचा जीव कोपऱ्यात असतो. मधला देश कोणीही काढतो. कोपऱ्यातली सूची, प्रमाण, उत्तरेचा बाण आणि खाली उजवीकडे अंदमान-निकोबार ज्याने काढलं, त्यालाच पूर्ण गुण. अंदमान विसरणाऱ्याच्या वहीवर ते लाल शाईने लिहीत, "तिथेही माणसं राहतात."

२०१० साली सरांनी जळगावला जाऊन छोटा डिजिटल कॅमेरा आणला. खिशात मावणारा, चंदेरी, बटण दाबलं की नळी बाहेर येणारा आणि त्या नळीच्या तोंडावरच्या दोन इवल्याशा पात्या पापण्यांसारख्या उघडणारा. दुकानदार दुसराच घ्या म्हणत होता. सरांनी तासभर वाद घालून त्याचा पराभव केला आणि हा निवडला. त्या दिवसापासून तो नुसता कॅमेरा राहिला नाही, सरांचं मत झाला. आणि सरांच्या मतात दोष निघालेला घरात कोणाला आठवत नव्हता. पुष्पाबाईंनी त्याला मोरपंखी लोकरीची थैली विणली. तिला एक लाल बटण लावलं.

त्याच उन्हाळ्यात गावच्या शेतात सरांना वावटळ दिसली. नववीला वाऱ्यांचा धडा होता आणि पुस्तकातलं वावटळीचं चित्र त्यांना कधीच पटलं नव्हतं. ते कॅमेरा घेऊन वावटळीत शिरले. फोटोत वावटळ आली नाही. कॅमेऱ्यात मात्र आली.

दोन दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, घरोघरी आमरस होतो. सरांचं सगळं खटलं गावच्या घरी जमे, आणि जेवणाआधी ओट्यापुढे फोटो निघे. खाली सतरंजीवर पोरं, मधे खुर्च्यांवर भिकन आबा, म्हणजे सरांचे थोरले भाऊ, आणि इतर वडीलधारे, मागे ओट्यावर सुना-लेकी. सर सगळ्यांना मावेपर्यंत मागे मागे सरकत समोरच्या गोठ्याला जाऊन टेकत आणि तिथून ओरडत, "बठ्ठा एक जागे व्हा रे!" घरी शुद्ध बोलणारे सर गावाच्या वेशीत शिरले की त्यांची अहिराणी आपोआप सुटे.

त्या वर्षी फोटोचा उजवीकडचा वरचा कोपरा काळा आला. गोल कडेचा, कोणी पावशेर अंधार कापून ठेवल्यासारखा. तिथं नेमकी सरांची बहीण उभी होती. "भाऊ, तू माझं तोंड काळं केलंस," म्हणून ती पुढे दोन महिने सरांशी बोलली नाही.

सरांनी कारण सांगितलं. कारण सांगता येत नाही असा प्रसंगच त्यांच्यावर कधी आला नव्हता. हा प्रकाशाचा कोन आहे, ते म्हणाले. सूर्य उत्तरेकडे सरकलेला, ओट्याचं पत्र्याचं छप्पर पुढे आलेलं, त्यामुळे सावली तिरपी पडते. पुढच्या वर्षी फोटो छपरापासून लांब, कडुनिंबाखाली बैलगाडी उभी करून काढला. अंधार पाठोपाठ कडुनिंबाखाली आला. मग सरांनी दोष धुळ्याच्या हवेला दिला.

मात्र दुसऱ्या वर्षापासून कोणाची तक्रार उरली नाही. कारण उजव्या टोकाला पुष्पाबाई उभ्या राहायला लागल्या. त्या चुलीपासून सगळ्यांत शेवटी, हात पुसत यायच्या; आणि शेवटी येणाऱ्याला टोकाचीच जागा मिळते, हे सरांना इतकं साधं वाटे की त्यावर विचार करायचं काही कारण नव्हतं.

"किरणची आई, जरा मधे सर. उजेडात ये."

"बरी आहे मी इथं. काढा तुम्ही. रस काळा पडतोय तिकडे."

सर काढत. नंतर धुळ्यातला स्टुडिओवाला म्हणे, "सर, एवढा कोपरा कापून देऊ का? फोटो साफ दिसेल." सर म्हणत, दे. अल्बममधल्या दर वर्षीच्या फोटोत मागच्या रांगेच्या टोकाला एक खांदा होता, हिरव्या बांगड्यांचा अर्धा हात होता, आणि पुढे फोटो संपत होता.

एक फोटो मात्र उलटा निघे. घरातल्या कर्त्याचाही फोटो हवा, म्हणून सर कॅमेरा पुष्पाबाईंच्या हातात देत. "सेटिंग करून दिलंय. तू फक्त दाब." हे फोटो चारही कोपऱ्यांनी लख्ख येत. आपण समोर उभे राहिलो की कॅमेरा शिस्तीत वागतो, असं सरांना मनातल्या मनात वाटे. बोलून ते तसं दाखवत नसत, एवढा विनय त्यांच्यात होता. अडचण फक्त एक. पुष्पाबाई दाबायच्या आधी कॅमेऱ्याच्या तोंडाशी काहीतरी चाचपत बसायच्या, आणि चारातल्या तीन फोटोंत कोपऱ्यात त्यांचं बोट यायचं.

"बोट! बोट काढ! अगं, बोट येतंय!"

"हो हो. हं, आता हसा."

सर हसत नसत. कॅमेरा परत हातात आला की बोट आलेले सगळे फोटो ते जागच्या जागी डिलीट करत, वहीवर लाल फुली मारावी तसे.

एवढी पार्श्वभूमी असूनही सर अल्बम आणि पेन ड्राइव्ह घेऊन प्रशीलच्या दुकानी निघाले तेव्हा त्यांना खात्रीच होती. प्रशील त्यांचा जुना विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला, पत्रिका आणि बॅनर छापायचं त्याचं दुकान चांगलं चालतं. शाळेत त्याचे नकाशे वर्गात सगळ्यांत देखणे असत. अंदमान तेवढं तो दर वेळी विसरे.

त्याने एकेक फोटो मोठा करून पाहिला. सात आखाज्या पाहिल्या. मग खुर्ची थोडी मागे सरकवली.

"सर, मॅडम कुठे आहेत यात?"

"ही काय. उजवीकडे वर."

"तिथं काळं आहे सर."

"ते थोडं उजळ की. करता येतं ना तुम्हाला?"

प्रशीलने उजळलं. काळ्याचं करडं झालं, करड्यावर ठिपके उठले, आणि ठिपक्यांच्या खाली पुष्पाबाईंच्या साडीचा काठ नीट दिसायला लागला. चेहरा नव्हता.

"सर, सावलीत काही असलं तर वर आणता येतं," प्रशील हळू म्हणाला. "इथं आत काही उतरलेलंच नाही. कॅमेऱ्यापुढे काहीतरी आडवं होतं."

"सातच्या सात वेळा?"

प्रशीलने फोटो एकेक करून बंद केले. सरांपुढे बोलायची त्याची सवय नववीतच मोडली होती. शेवटी तो म्हणाला, "आता एआयने चेहरा बनवून मिळतो. आधारचा घेऊ, लग्नातला घेऊ, दोन्ही मिळून करतं ते. बघू का?"

संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. गोरीपान बाई, कानात मोत्यांच्या कुड्या, मागे निळं आकाश, आणि जाहिरातीत हसतात तसं हसू. किरणने पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला. गावाहून आलेल्या भिकन आबांनी तो उचलून डोळ्यांपासून लांब धरला.

"हाई कोण शे रे भो?"

"पुष्पा शे, आबा."

"हाई?" आबांनी आणखी लांब धरला. "हाई ते कोनी पुढारीन दिसस. आपली पुष्पाले इतला दात कव्हय व्हतात?"

सरांनी प्रशीलला फोन करून तो फोटो छापू नकोस म्हणून सांगितलं. प्रशीललाही सुटल्यासारखं झालं असावं, कारण तो पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. "सर, कॅमेरा आहे अजून? त्यातल्या कार्डात उरलेले असतील तर बघा. शेवटच्या दोन-तीन वर्षांचे मला पेन ड्राइव्हमध्ये दिसले नाहीत."

खरंच होतं. वायर हरवल्यापासून फोटो कॅमेऱ्यातच राहिले होते. कपाटात, साड्यांच्या खाली, मोरपंखी थैलीत कॅमेरा सापडला. बॅटरी मेलेली. कार्ड जुन्या जातीचं. धुळ्यात ते कोणत्याच यंत्रात बसेना. "जळगावला रुपचंद आहेत," प्रशीलने पत्ता दिला. "जुन्या कॅमेऱ्यांचं काम आता तेच एकटे करतात."

किरण म्हणाली, "मी येते सोबत." सर म्हणाले, नको. ते सकाळच्या एसटीने एकटे निघाले. थैली मांडीवर होती. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. एकदा पुष्पाबाईंनी हाच कॅमेरा मागून नेला होता, ते त्यांना मधेच आठवलं. जामनेरला माहेरी चालल्या होत्या. "आईचा एक फोटो काढून आणते." सरांनी एकोणीस सूचना देऊन कॅमेरा दिला होता, आणि त्या एकही फोटो न काढता परत आल्या होत्या. "मग नेलाच कशाला?" सरांनी विचारलं होतं. "विसरलेच बाई," त्या म्हणाल्या होत्या. सरांनी तेव्हा बायकांच्या विसराळूपणावर घरात एक छोटंसं व्याख्यानही दिलं होतं. त्यानंतर पुष्पाबाईंची आई वर्षभरात गेली.

रुपचंदांचं दुकान मार्केटच्या तळघरात, एका माणसाला वळता येईल एवढं. पुढे मोबाइलच्या काचा, मागे फळीवर मेलेले कॅमेरे ओळीने, नळ्या बाहेर काढून. रुपचंद सरांच्याच वयाचे. डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर चढवून बसलेले. सरांनी थैली काउंटरवर ठेवली आणि प्रकरण समजावून सांगायला तोंड उघडलं.

रुपचंदांनी थैलीचं लाल बटण बोटाने फिरवलं. "ही आली आहे माझ्याकडे."

"शक्य नाही. मी पहिल्यांदाच येतोय."

"तुम्ही नाही हो. एक बाई होत्या. उंच, सावळ्या. जामनेरच्या गाडीला वेळ आहे म्हणाल्या." त्यांनी कॅमेरा बाहेर काढला, आपली एक बॅटरी आत घातली, बटण दाबलं. नळी कुरकुरत बाहेर आली. दोनपैकी एक पाती उघडली. दुसरी अर्ध्यावर येऊन थांबली, झोपेतल्या माणसाने एक डोळा किलकिला करावा तशी. "बघा. हाच तो. आत माती गेलीय आणि पातीची स्प्रिंग बसलीय. उजवा कोपरा काळा येत असेल."

सरांनी त्या पातीकडे पाहिलं. दहा वर्षं ते कॅमेऱ्याच्या मागे उभे होते. पुढे उभे राहत तेव्हाही त्यांचं लक्ष पातीकडे नसे, बोटाकडे असे. बाकी सगळ्या खटल्याला तो दर आखाजीला पुढूनच दिसत होता.

"सूर्याचा कोन—" सर म्हणाले आणि थांबले.

"कोनबिन काही नाही. झाकण अडकतं, एवढंच." रुपचंद कार्ड काढून आपल्या जुन्या यंत्रात बसवत होते, हात कामात होते म्हणून तोंड मोकळं होतं. "मी त्या बाईंना म्हटलं, ठेवून जा, पाती मिळाली तर पंधरा दिवसांत बसवून देतो. तर म्हणाल्या, पंधरा दिवस कॅमेरा दिसला नाही तर सर विचारतील. म्हटलं, मग सांगा ना, बिघडलाय म्हणून. तर म्हणाल्या, 'नको. तो त्यांनी भांडून घेतलाय.'"

सर काउंटरची कड धरून उभे होते.

"मी विचारलं, कोपऱ्यात कोणाचे चेहरे जातात? म्हणाल्या, 'पहिल्या वर्षी नणंदेचा गेला. फार रडली हो ती. तेव्हापासून मी तिथं उभी राहते. आता माझाच जातो, त्याचं काही नाही.' मग म्हणाल्या, 'पण त्यांचा फोटो मला काढायचा असतो. तो चांगला यायला पाहिजे. तेवढ्यापुरतं काही सांगा.' म्हटलं, सोपं आहे. नळी बाहेर आली की ही पाती नखाने वर सारायची आणि फोटो होईस्तोवर धरून ठेवायची. सोडली की खाली येते. तासभर बसल्या इथं स्टुलावर. शिकूनच उठल्या. बोट थोडं मधे येत होतं, पण म्हणाल्या, 'जमेल हळूहळू.'" रुपचंदांनी कॅमेरा उजेडात तिरपा धरला. "हे बघा, पातीच्या कडेचा रंग गेलाय. नखाने. बऱ्याच वर्षांचं काम आहे हे."

चंदेरी कडेवर तांदळाएवढी जागा घासून पिवळी झाली होती.

"आता कशा आहेत त्या?"

"गेल्या," सर म्हणाले. "सात दिवस झाले. त्यांचाच फोटो शोधतोय."

रुपचंदांनी कपाळावरचं भिंग काढून खाली ठेवलं. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून ते म्हणाले, "सापडेल सर. हा दोष ग्रुपच्या फोटोतच येतो. मागे सरून सगळे बसवायला गेलं की. एकट्या माणसाचा, झूम करून, जवळून घेतलेला असला तर कोपरा येतच नाही. त्यांचा एकटीचा असेलच की एखादा."

पडद्यावर फोटो उतरत होते. दोघांनी ते शेवटपर्यंत पाहिले. आखाजी, आखाजी, कोणाचं बारसं, शाळेचा निरोप समारंभ, उकिरड्यावरचा एक मोर, वेगवेगळ्या प्रकारचे ढग, ढग, तापीचा पूर, ढग. ढगांचे दोनशे अकरा होते. पुष्पाबाईंचा एकटीचा एकही नव्हता.

"डिलीट केलेले परत येतात का?" सरांनी विचारलं.

"वर दुसरे काढले नसतील तर येतात. कोणते हवेत?"

"बोट आलेले."

त्याला दोन तास लागले. सर त्याच स्टुलावर बसून होते. ते तेच स्टूल आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. सतरा फोटो परत आले. सतराही सरांचे. ओट्यापुढचे, स्कूटरवरचे, शाल-नारळ घेतलेले. लख्ख उजेड, चारही बाजूंनी स्वच्छ, आणि उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात तांबूस-गुलाबी, कडा विरघळलेली एक छटा, सकाळी ढगाच्या मागे ऊन यावं तशी. आणि मधोमध योगराज सर, सतरापैकी सतरा फोटोंत, तोंड उघडं, भुवया जवळ, एक हात वर. स्पष्ट, ठसठशीत, ओरडत असलेले.

बायकोने तासभर स्टुलावर बसून जे शिकून घेतलं होतं, ते इतकं चांगलं जमलं होतं.

"यातला कोणता छापू?" रुपचंदांनी विचारलं.

एका फोटोत बटण दाबताना पातीवरचा हात जरा जास्त आत आला होता. दोन बोटं, त्यांच्या खाली तळव्याची कड, आणि मनगटावर हिरव्या बांगडीची एक पुसट रेघ. सरांनी त्यावर बोट ठेवलं.

परतीच्या एसटीत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पण कपाशीची शेतं कुठे संपली आणि पारोळा कधी आलं हे त्यांना सांगता आलं नसतं. मधल्या एका थांब्यावर शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी विचारलं, "तब्येत बरी नाही का भाऊ?" सर म्हणाले, "ऊन लागलं." कारण सांगता येत नाही असा प्रसंग अजूनही त्यांच्यावर येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते प्रशीलकडे गेले.

"सर, यात तर तुम्हीच आहात."

"मला काप."

प्रशीलने वर पाहिलं.

"मी नको त्यात. हा कोपरा ठेव फक्त. मोठा कर."

"एवढाच? सर, फार धूसर येईल. कोणाला कळणार नाही काय आहे ते."

"येऊ दे."

प्रशीलने माउस हातात घेतला आणि तसाच थांबला. स्टुडिओतून कापून आलेले सगळे अल्बम त्याने चार दिवसांपूर्वी याच टेबलावर पाहिले होते. त्याने मान खाली घातली आणि फोटोची चौकट एका बाजूने ओढत आणली. आधी सरांचा वर केलेला हात गेला, मग खांदा, मग उघडं तोंड. शेवटी कोपरा उरला. काम झाल्यावर तो म्हणाला, "सर, मी अंदमान विसरायचो तेव्हा तुम्ही वहीवर काय लिहायचात—"

"माहीत आहे," सर म्हणाले. "आटप."

पत्रिका बिनफोटोची छापली. बॅनर लावला नाही. त्यावरून भाऊबंदांत चर्चा झाली आणि सरांच्या डोक्यावर परिणाम झाल्याचा निष्कर्ष दोनच दिवसांत देवपुराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचला. किरणला त्यांनी सगळं सांगितलं, नळी आणि पातीसकट, शाळेत सांगत तसं टप्प्याटप्प्याने. मग ती म्हणाली, "मला माहीत होतं नाना, की ती मुद्दाम तिथं उभी राहते. आम्हा सगळ्या बायकांना माहीत होतं. ती म्हणायची, नानांना सांगू नका."

"सगळ्यांना?"

"आत्यालासुद्धा."

सरांनी मान हलवली. वर्गातल्या एकूण एक मुलांना उत्तर येतं आणि गुरुजींनाच येत नाही, असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

गंधमुक्तीच्या दिवशी मांडवात पाटावर फोटो होता. लाकडी चौकट, झेंडूचा हार, पुढे समई. चौकटीत तांबूस उजेड आणि हिरवी रेघ. लोक येत, हात जोडत, फुलं वाहत, वर बघत, मग सरांकडे बघत, आणि आणखी काही न विचारता सतरंजीवर जाऊन बसत. खानदेशात दु:खाच्या घरी प्रश्न विचारत नाहीत. ते परतीच्या वाटेवर एकमेकांना विचारतात.

भिकन आबा मात्र पाटापुढे उकिडवे बसले आणि चौकटीच्या जवळ तोंड नेऊन पाहत राहिले.

"बोट शे ना हाई?"

"हा, आबा."

"तिनं?"

"तिनंच."

आबांनी आणखी थोडा वेळ पाहिलं. "मंग बराबर शे," ते म्हणाले. "ह्या हातनी भाकर बठ्ठा गावनी खादी. तोंडकडे कोन देखे?"

ते सरांना दिलासा म्हणून बोलले होते. सरांनी पाटाची कड घट्ट धरली.

जेवणं सुरू होता होता हायस्कुलातले दोन जुने सहकारी आले. त्यातल्या एकांचा शाळेत असल्यापासून स्वभाव, कुठे काही चुकलेलं दिसलं की ते लक्षात आणून द्यायचं. त्यांनी फूल वाहिलं, चष्मा नीट केला, आणि सरांच्या कानाशी येऊन हलक्या आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने सांगितलं,

"सर, वाईट वाटून घेऊ नका, पण छापताना चूक झालीये. फोटोत कोणाचं तरी बोट आलंय."

"हो," सर म्हणाले. "राहू द्या."